माळवदावरची माती

आमच्या माजघराच्या डोक्यावर चौदा टन माती होती. हा आकडा हवेतला नाही. साखर कारखान्याच्या हिशेब विभागात माझी नोकरी झाली. काट्यावरचं वजन आणि वहीतलं वजन जुळल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, ही सवय अंगात मुरलेली. माजघर दहा फूट बाय वीस फूट. माळवदाला कडेनं खड्डा घेऊन मोजलं, तर मातीचा थर दीड फूट भरला. म्हणजे तीनशे घनफूट, साडेआठ घनमीटर. दाबून बसलेली माती घनमीटरला सोळा-सतराशे किलो भरते. गुणाकार केला, पुन्हा केला आणि वही नवऱ्यापुढे सरकवली. ते म्हणाले, "उसानं भरलेला ट्रक झाला की हा." तो ट्रक शंभरेक वर्षांच्या लाकडांवर उभा होता आणि त्याखाली आम्ही अंथरुणं घालायचं ठरवत होतो.

हे घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. धाराशिव जिल्ह्यात, नळदुर्ग मागे टाकून आत वळलं की काळ्या रानांच्या मधोमध एका उंचवट्यावर आमचं गाव आहे. सासूबाई गेल्यापासून घराला कुलूप होतं. आमच्या नोकऱ्या संपल्या, मुलं पुण्यात स्थिरावली. सोलापुरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसण्यापेक्षा गावी जाऊ, असं ठरलं. हल्ली जुनं घर दुरुस्त करून राहायला जाणारे बरेच भेटतात. कुणी वाईला वाडा घेतं, कुणी कोकणात कौलारू घर, कुणी गोव्यात पोर्तुगीज काळातला बंगला. त्यांचे फोटो देखणे येतात. माळवदाच्या घराचे फोटो कुणी काढत नाही, कारण बाहेरून बघायला दगडी भिंत आणि एक दरवाजा एवढंच असतं. म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहिते.

छपराऐवजी माती

मराठवाडा, सोलापूर, खानदेश हा कमी पावसाचा पट्टा. आमच्याकडे वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही सलग नाही. उन्हाळा मात्र चाळीस अंशांच्या पुढे जातो. इथल्या घराला पाणी उतरवण्यापेक्षा ऊन अडवण्याची काळजी जास्त. त्यातून सपाट मातीचं छत आलं. आमच्याकडे ते माळवद, खानदेशात धाबं.

त्याची बांधणी खालून वर अशी. दगडी तळखड्यांवर लाकडी खांब. खांबांवर तुळया. तुळयांवर हातभर अंतरानं आडव्या कड्या. कड्यांवर फळ्या, ज्याची ऐपत नाही त्याच्याकडे फळ्यांऐवजी फांद्या नाहीतर काटक्या. त्यावर लिंबाचा आणि निरगुडीचा पाला, किडीला लांब ठेवण्यासाठी. पाल्यावर चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. ही माती गावठाणातलीच, बारीक आणि चिकट. पाणी लागलं की फुगते, तिची छिद्रं मिटतात आणि पुढचं पाणी आत शिरायच्या आधी पन्हळाकडे वळतं. अर्थात उतार नीट दिलेला असला तर.

दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घर खणांनी मोजतात. आमचं पाच खणांचं. दरवाजातून आत गेलं की ढेलज, मग ओसरी, मधे उघडा चौक, पलीकडे माजघर, बाजूला देवघर आणि धान्याचं बळद. माजघराला खिडकी नाही. उजेड येतो तो माळवदाला ठेवलेल्या सान्यातून. सानं म्हणजे छतातलं चौकोनी भोक. पावसात त्यावर झाकण ओढायचं. चुलीचा धूरही त्यातूनच जायचा.

असं माळवद एकदा घातलं आणि संपलं, असं कधी नसतं. पावसाळ्यात त्यावर गवत उगवतं, मुळं मातीत वाटा करतात, उंदीर बिळं पाडतात. मुंग्या असतात, धुपण असते. मग दरवर्षी मृगाच्या आधी गवत उपटायचं, भेगा भरायच्या, नवी माती पसरायची आणि ओली करून चोपायची. सासूबाई हे काम लग्न होऊन आल्यापासून करत होत्या. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई. दोघींनी निगुतीनं केलं. नवी माती दरवर्षी वर गेली. जुनी माती खाली आणायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. त्याचं कारणही कुणाला दिसत नव्हतं. जाड माळवद गळत नाही आणि उन्हाळ्यात गार राहतं, एवढा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी होता.

म्हणजे घर जड झालं ते त्याची काळजी घेतल्यामुळे. आम्ही या घरात जे काही केलं, त्याची किल्ली मला या एका गोष्टीत सापडली.

भूकंपानं तपासलेली घरं

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गावोगावच्या मिरवणुका आटोपून माणसं दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता ६.२. जगाच्या मानानं हा फार मोठा भूकंप नव्हे. पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. बहुतेक जण स्वतःच्या घरातच, भिंतींच्या आणि छताच्या मातीखाली गाडले गेले.

जमीन हलते तेव्हा घरावर येणारा आडवा जोर त्याच्या वजनाच्या प्रमाणात असतो. पाच इंची सिमेंटच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या आसपास. आमच्या माळवदाचं होतं साडेसातशे. तेही कोरडं असताना; पावसानं भिजलं की आणखी. या वजनाखाली भिंती होत्या त्या मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या. काही घरांत छताचा भार खांबांवर होता, तिथे भिंती कोसळल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला. ज्या घरांत तुळया थेट भिंतींवर टेकल्या होत्या, तिथे भिंत गेली की छतही गेलं.

आमच्या गावात घरं पडली नाहीत, भेगा गेल्या. पुढे १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. पूर्ण पडलेली गावं नव्या जागी वसवली. आमच्यासारख्या तडे गेलेल्या घरांना दुरुस्तीसाठी आणि मजबुतीसाठी मदत मिळाली. सासऱ्यांनी त्या मदतीतून परसात सिमेंटची एक खोली बांधली. जुनं घर होतं तसंच ठेवलं. गावोगाव बहुतेकांनी हेच केलं आणि त्यांना नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. ज्या दगडांनी शेजारच्या तालुक्यात माणसं मारली, त्याच दगडांत आणखी पैसे घाला, हे तेव्हा कोण ऐकणार? सासरे त्यानंतर कित्येक वर्षं त्या सिमेंटच्या खोलीतच झोपले.

त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२च्या सुधारित नकाशात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. आम्ही २०२०नंतर घर राहण्याजोगं करायला घेतलं, तेव्हा धोका काय आहे हे कागदावर स्पष्ट होतं. ते वाचून जुन्या घराच्या प्रेमापोटी डोळेझाक करणं आम्हाला जमलं नसतं.

वजन उतरवणं

गवंडीमामा आम्हाला नात्यातल्या एका अभियंत्यानं मिळवून दिले. त्यांचं मूळ गाव भूकंपात गेलं आणि ऐन पंचविशीत त्यांनी मजबुतीकरणाचं काम सरकारी प्रशिक्षणात शिकून घेतलं. ते घरात आले ते थेट जिन्यानं माळवदावर गेले. खाली आल्यावर म्हणाले, "आधी वरची माती. भित्तीला आत्ता कुणी हात लावायचा न्हाई."

माती काढायचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी प्रत्येक तुळईखाली लाकडी टेकू लावले. मग एका टोकाकडून सरळ उपसत न जाता, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी माती उतरवली. एकाच बाजूचा भार झटक्यात गेला तर इतकी वर्षं वाकून बसलेली लाकडं उसळतात, सांधे निखळतात. उपसताना थर वेगवेगळे दिसत होते. वरचा पांढुरका, खालचा पिवळट, मध्ये राखेचा करडा पट्टा, काही ठिकाणी बांगड्यांचे तुकडे. चुलत जाऊबाई भिंतीपलीकडच्या त्यांच्या माळवदावरून बघत होत्या. "समदं गाव माळवदावर माती टाकतंय, आन् तुमी पैसे देऊन काढायलाव व्हय?" म्हणाल्या. त्यांना हिशेब दाखवला. त्यांनी तो नीट ऐकला आणि विचारलं, "मग आमच्यावर किती आसंल?" त्यांचंही माळवद मोजून आलो. आमच्याहून जाड निघालं.

उपसलेली माती टाकायला जागा शोधावी लागली नाही. गावठाणातली जुनी माती पिकाला चांगली, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, उष्टंखरकटं तिच्यात मुरलेलं असतं. ट्रॅक्टर घेऊन लोक स्वतः आले. उतरवण्याची मजुरी आमची, वाहतूक त्यांची, असा सौदा झाला.

छत उघडं पडल्यावर लाकडं तपासली. टोकदार पटाशीनं प्रत्येक तुळई, प्रत्येक कडी टोचून पाहायची. आवाज भरीव आला आणि टोक रुतलं नाही, तर लाकूड ठीक. मधला भाग बहुतेक ठिकाणी ठणठणीत होता. सडली होती ती भिंतीत रोवलेली टोकं. भिंतीतली ओल तिथं अडकते आणि ओल असते तिथं वाळवी येते. सुतारकाकांनी कुजकी टोकं कापून तिथं जुन्याच सागवानाचे जोड दिले, लोखंडी पट्ट्या मारल्या. दोन कड्या बदलाव्या लागल्या. सगळ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाचे हात दिले. वाळवीवरचा हा उपाय स्वस्त असून उग्र वासाचा नाही. फक्त लाकूड उघडं आणि कोरडं असतानाच तो नीट मुरतो, म्हणून ती वेळ साधायची.

नवीन छत असं. फळ्यांवर जाड प्लास्टिकचा कागद, सांध्यांवर दुमडून दोन पदरी. त्यावर भुसा कालवून कुजवलेल्या चिखलाचा थर. त्यावर पांढरी माती, पन्हळाकडे स्पष्ट उतार देऊन. सगळं मिळून सहा इंच. पाणी अडवायचं मुख्य काम आता कागदाकडे आहे, मातीकडे त्या कागदाला उन्हापासून वाचवायचं आणि घर गार ठेवायचं काम. जाडी एक तृतीयांशावर आली. एकट्या माजघरावरून नऊ टनांहून जास्त वजन उतरलं.

याची किंमतही सांगायला हवी. मे महिन्याच्या दुपारी माजघर आता पूर्वीइतकं गार राहत नाही. जाड मातीतून ऊन खाली झिरपायला रात्र व्हायची, आता ते संध्याकाळीच पोचतं. उन्हाळ्यात माळवदावर हिरवं शेडनेट ताणतो आणि रात्री सानं उघडं ठेवतो. तेवढ्यानं भागतं.

भिंतीला आलेलं पोट

आमच्या भिंती अडीच फूट जाड आहेत. एवढी जाड भिंत बघून पाहुणे म्हणतात, "तोफ लागली तरी हलायची नाही." गवंडीमामांनी चौकाकडच्या भिंतीला ओळंबा लावला. दोरी वर भिंतीला चिकटलेली, खाली चिकटलेली आणि मधे भिंतच चार बोटं बाहेर आलेली. "पोट आलंय. बाहीरनं एक भित्त, आतनं एक भित्त, मधी नुसता राडा. तुमी एक भित्त बघताव, हायत्या दोन."

इथल्या बहुतेक जुन्या भिंतींची कथा हीच. बाहेरच्या अंगाला नीट रचलेले काळे दगड, आतल्या अंगाला तसेच, आणि मधल्या पोकळीत दगडांच्या कपच्या व माती. दोन्ही अंगांना एकमेकांशी बांधणारे, आरपार जाणारे लांब दगड क्वचितच सापडतात. तेवढे लांब दगड घडवणं महागाचं काम होतं. वरून पाणी शिरलं की मधली माती खाली बसते, बाजूंना दाब देते आणि दोन्ही अंगं एकमेकांपासून सुटू लागतात. भूकंपात ती सुटून वेगवेगळी कोसळतात. भारतीय मानक ब्यूरोनं १९९३ सालीच, आयएस १३८२८ या क्रमांकाखाली, अशा कमी ताकदीच्या बांधकामासाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यांत हे आरपार दगड उभ्या दिशेनं दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या दिशेनं दर १२० सेंटिमीटरला हवेत, असं सांगितलं आहे.

उभ्या भिंतीत असे दगड घालता येत नाहीत, पण त्यांची जागा घेणारं काँक्रीट भरता येतं. बाहेरून एक दगड अलगद काढायचा, आतली माती हातानं किंवा पातळ सळईनं कोरत समोरच्या दगडापर्यंत जायचं, तोही काढायचा. आरपार भोक तयार झालं की त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली लोखंडी सळई ठेवायची आणि काँक्रीट ठासून भरायचं. काँक्रीट मुरेपर्यंत रोज पाणी मारायचं. घण किंवा यंत्र वापरायचं नाही, हादऱ्यानं सुटे दगड आणखी सुटतात. काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. गवंडीमामा एका ओळीत दोन भोकं शेजारी शेजारी कधीच घेत नसत. एक मुरल्याशिवाय जवळचं दुसरं नाही. जिथं पोट फारच सुटलं होतं, तेवढी भिंत उतरवून त्याच दगडांनी, मध्ये लांब दगड घालत, पुन्हा रचली.

मग छताच्या खाली, सगळ्या भिंतींना आतून-बाहेरून लोखंडी जाळीचा हातभर रुंद पट्टा मारून त्यावर सिमेंटचा गिलावा केला. दोन्हीकडच्या जाळ्या आरपार सळयांनी एकमेकींना बांधल्या. कोपऱ्यांत जाळी वळवून घेतली, कारण भिंती एकमेकींपासून फाटायला सुरुवात होते ती कोपऱ्यातून. खांब आणि तुळई जिथं मिळतात, तिथं तिरप्या लाकडांचे आधार दिले. आता एका भिंतीला धक्का बसला तर चारही भिंतींनी तो वाटून घ्यावा अशी रचना आहे. यामुळे घर अभेद्य झालं, असं कुणी समजू नये. उद्देश एवढाच, की मोठा हादरा बसला तर घराला तडे जावेत, पण आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळावा.

लोणा आणि सिमेंट

भिंतींच्या खालच्या तीन फुटांवर सासऱ्यांनी कधीतरी सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, ओल दिसू नये म्हणून. ओल त्याच्या वर, चौथ्या-पाचव्या फुटावर दिसू लागली. जमिनीतलं पाणी मातीच्या भिंतीतून वर चढतं. पूर्वी ते मातीच्या गिलाव्यातून वाळून जायचं. सिमेंटनं ती वाट बुजवली, मग पाण्यानं वरची वाट धरली. पाण्याबरोबर क्षार येतात, पृष्ठभागावर पांढरे फुटतात आणि गिलावा भुसभुशीत करून पाडतात. हाच लोणा. त्यावर पुट्टी, रंग, टाइल्स असे थर चढवत गेलं तर लोणा प्रत्येक थराच्या वर सरकत जातो.

आम्ही सिमेंट खरवडून काढलं आणि भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. बघणाऱ्याला ते काम अर्धवट सोडल्यासारखं वाटायचं. पण आतून ओली भिंत झाकायची घाई केली की पुढचा पावसाळा तुमचा हिशेब चुकता करतो. भिंत सुकल्यावर चुन्याचा गिलावा केला. चुनकळी खड्ड्यात विरवून, मुरवून, गाळून घेतलेला चुना आणि वाळू. असा गिलावा ओल आत कोंडत नाही. जाळीच्या पट्ट्याला सिमेंटच हवं, कारण तिथं ताकद पाहिजे. बाकी भिंतीला श्वास पाहिजे. एकाच भिंतीवर दोन्ही नांदतात, फक्त कुठं काय लावायचं हे ठरलेलं असावं.

ओल मुळात इतकी का चढली, याचं उत्तर घराबाहेर मिळालं. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, काही वर्षांनी त्यावरच दुसरा झाला, मग त्यावर पेव्हर ब्लॉक. जुना थर खोदून काढून नवा करायची पद्धत नसल्यामुळे दर वेळी रस्ता वीतभर वर आला. जोत्याच्या चार पायऱ्यांपैकी आज दोनच वर दिसतात. गल्लीचं पाणी पूर्वी घरापासून लांब जायचं, आता ते दाराशी थांबतं. जुनं घर बघायला जाल तेव्हा रस्ता आणि उंबरठा यांतलं अंतर आधी बघा, रंगरंगोटी नंतर. आम्ही भिंतीच्या कडेनं दगडी गटार काढलं, त्याला नाल्याकडे उतार दिला आणि चौकातली मोरी नव्यानं बांधली. या मोरीनं बाकी सगळ्या खर्चाला वाचवलं, असं मी म्हणेन.

पाण्याचं आणखी एक ठरवून टाकलं. न्हाणी, संडास, धुणंभांडी हे सारं सासऱ्यांच्या सिमेंटच्या खोलीत नेलं. मातीच्या भिंतीत नळाची पाइपलाइन घालायची नाही; ती कधीतरी गळते आणि गळती दिसते तोवर आतली माती वाहून गेलेली असते. विजेचं काम मात्र मुळापासून नवं केलं. लाकडी पट्ट्यांवरच्या जुन्या तारा, त्यांना जोडलेल्या त्यानंतरच्या तारा, त्यांनाही जोडलेल्या आणखी अलीकडच्या, हे सगळं उतरवून अर्थिंग घेतलं आणि तारा भिंतीवरून उघड्या पाइपांतून नेल्या. कोनाड्याशेजारून पाइप गेलेला काही पाहुण्यांना खुपतो. मला नाही खुपत.

कागद आणि शेजार

घराला हात लावायच्या आधी कागद नीट करा, हे कुणीही सांगेल. गावठाणातल्या घराची अडचण थोडी निराळी असते. शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या घराला नसतो. बहुतेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो आणि तोच मालकीचा पुरावा आहे, असा समज असतो. ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, मालकी त्यानं सिद्ध होत नाही. २४ एप्रिल २०२०ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. आमच्या घरात चार हिस्सेदार होते. त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घेतल्यावरच पहिली पाटी माती उतरली. भाऊ-भाऊ आहेत, कागदाची काय गरज, असं म्हणायची रीत आहे. पैसे घालून झाल्यावर तीच माणसं निराळं बोलतात, हेही गावानं पाहिलेलं असतं.

माळवदाच्या घराला शेजार नुसता शेजारी नसतो, तो भिंतीत असतो. सामाईक भिंत, सामाईक पन्हळ. आमच्या गल्लीत माळवदं एकमेकांना इतकी लागून, की सणावारी बायका खाली न उतरता चार घरं फिरून येतात. एकाचं पाणी दुसऱ्याच्या छतावरून जातं. आम्ही छत वीतभरापेक्षा जास्त खाली आणलं, तर जाऊबाईंच्या माळवदावरचं पाणी आमच्याकडे उतरणार हे उघड होतं. मधल्या भिंतीवर दगडाचा बांध घालून दोघांची पन्हळं वेगळी केली. दुसऱ्या वर्षी त्यांनीही माती उतरवली.

राहायला गेल्यावर

आम्ही घर पूर्ण होण्याची वाट पाहिली नाही. छत, भिंती, गटार आणि वीज झाली तेव्हा सामान आणलं. जमिनीचं, दारांचं, फडताळांचं काम राहत राहत केलं. याचा मोठा फायदा म्हणजे कुठं काय हवं हे घरच सांगतं. मी स्वयंपाकघर माजघरात करायचं योजलं होतं. तिथं सान्याखालच्या उजेडाचा चौकोन सकाळी देवघराच्या भिंतीवर असतो, दुपारी जमिनीच्या मधोमध येतो. त्या जागी बसून निवडणं-टिपणं आणि वाचणं होतं. ओटा तिथं घातला असता तर ती जागा गेली असती. ओटा ओसरीच्या टोकाला घेतला.

विंचू निघतात. जमिनीतल्या आणि भिंतीतल्या फटी बुजवल्यावर कमी झाले, संपले नाहीत. अंथरूण झटकून घालायचं आणि चप्पल बघून पायात घालायची. बळदात उंदीर होते, तिथं आता पत्र्याच्या कोठ्या आहेत. फ्लॅटमधलं मोठं कपाट ढेलजेच्या दारातून आत गेलंच नाही, ते गावातल्या वाचनालयाला देऊन टाकलं. दारांवर तैलरंगाचे थर होते, हिरव्यावर निळा, निळ्यावर चॉकलेटी. खरवडल्यावर खाली सागवान निघालं. त्याला जवसाचं तेल दिलं.

मृगाच्या आधीचं माळवदाचं काम आमच्याकडे आता असं चालतं. छताच्या चार कोपऱ्यांत सहा इंचांवर खूण केलेल्या लोखंडी सळया रोवल्या आहेत. गवत काढायचं, भुसभुशीत झालेली वरची माती खरवडून खाली आणायची, मगच नवी पसरायची. खुणेच्या वर एक पाटीही जायची नाही. गवंडीमामांनी सुचवलेली ही युक्ती इतकी साधी आहे, की ती आधीच्या कुणाला सुचली नाही याचं नवल वाटतं. पण त्यांना वजनाचा प्रश्नच कुणी घातला नव्हता. त्यांना गळतीचा प्रश्न होता आणि तो त्यांनी सोडवला होता.

खर्चाच्या वहीत निम्म्याहून जास्त रक्कम माती उतरवणं, भिंती बांधून घेणं आणि गटार या तीन बाबींखाली आहे. यातलं पाहुण्याला दाखवण्यासारखं काहीच नाही. ज्यांना घर दाखवण्यासाठी हवं आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. वर्षातून एकदा छतावर चढण्याची ज्यांची तयारी नाही किंवा चढवायला माणूस मिळत नाही, त्यांनी अभियंत्याला विचारून खुशाल नवं बांधावं. त्यात कसलाही कमीपणा नाही. माझ्या मुलांनी पुढे तसं केलं तर मी वाईट वाटून घेणार नाही. तिसरा प्रकार तेवढा नको, जो आम्ही स्वतः कित्येक वर्षं चालू दिला: आठवण म्हणून कुलूप लावून ठेवायचं आणि दिवाळीत येऊन दोन दिवस हळहळायचं. कुलूपबंद माळवद वर्षागणिक भिजतं, जड होतं आणि एखाद्या श्रावणात पडतं. पडतं तेव्हा मालक पुण्यात असतो. खाली सापडते ती शेजाऱ्याची भिंत.